गांधीलमाशी, वेडा राघू आणि सातभाई: प्राण्यांच्या परोपकाराचा हिशेब घरबसल्या कसा मांडायचा

कुत्री दुसरीच्या पिल्लांना पाजतेय, माकडीण भलत्याच पोराला छातीशी धरून बसलीय, असे व्हिडिओ रोज कोणी ना कोणी पाठवतं आणि खाली सगळे "माणसापेक्षा जनावरं बरी" लिहून मोकळे होतात. मला त्यातलं काही खोडून काढायचं नाहीये, पण मला पडणारा प्रश्न वेगळा आहे, हे वागणं टिकलंच कसं? सरळ विचार केला तर टिकायला नको. जो दुसऱ्यासाठी स्वतःचं नुकसान करून घेतो त्याची पोरं कमी होणार, आपमतलबी शेजाऱ्याची जास्त होणार, काही पिढ्यांत परोपकारी जमात साफ. डार्विनलाही १८५९ मध्ये हाच खडा दाताखाली आला होता, मुंग्यांमधल्या कामकरी जर वांझ असतात तर त्यांचे गुण पुढच्या पिढीत जातात कसे, आणि सुरुवातीला त्याला वाटलं की आपला सगळा सिद्धांत इथेच आपटतोय.

हे समजून घ्यायला आफ्रिकेत जायची गरज नाही. गोव्यात कुठल्याही जुन्या घराची पडवी, एखादं कुळागर (पोफळी-नारळाची बाग), काजूची बाग, खाजनाचा (खाडीकाठच्या शेताचा) बांध, एवढ्यात सगळा मसाला आहे. वही, पेन, मोबाईल, मिळाली तर साधी दुर्बीण. बारावीच्या पोरांना प्रोजेक्टसाठी काहीतरी हवं असतं दरवर्षी, त्यांनाही चालेल, फक्त दोन दिवसांत उरकायचं असेल तर हा विषय घेऊच नका.

आधी परोपकार कशाला म्हणायचं ते ठरवा

मनात काय आहे ते गांधीलमाशीला विचारता येत नाही, म्हणून जीवशास्त्रात मन बाजूला ठेवतात आणि सगळा हिशेब एकाच नाण्यात करतात, पोरं. एखाद्या वागण्यामुळे करणाऱ्याची स्वतःची आयुष्यभरातली पोरं कमी झाली आणि दुसऱ्याची वाढली तर तो परोपकार. दोघांचीही वाढली तर ते सहकार्य, त्याला परोपकार म्हणायचं नाही.

हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे व्हिडिओ आपोआप गळतात. टिटवी तुमच्या डोक्यावर घिरट्या घालून बोंब मारते ती स्वतःच्या अंड्यांसाठी. कावळे मिळून घारीच्या मागे लागतात त्यात प्रत्येक कावळ्याचा स्वतःचा फायदा आहे. शेतात म्हशीच्या मागे मागे फिरणारा बगळा तर कोणावरच उपकार करत नाहीये, म्हैस चालली की गवतातले किडे उडतात, ते तो खातो. कावळीण कोकिळेचं पिल्लू वाढवते ती शुद्ध फसवणूक, पण असल्या प्रकाराकडे पुन्हा येऊ, कारण फसवणुकीतूनच परोपकाराचा नियम कसा लिहिलेला आहे ते कळतं.

दुसरी गाळणी म्हणजे "जातीच्या भल्यासाठी" हे शब्द. आपल्या शाळेच्या पुस्तकांपासून टीव्हीवरच्या कार्यक्रमांपर्यंत सगळीकडे हे वाक्य असतं. विन-एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञाने १९६२ मध्ये हे भलं मोठं पुस्तक लिहून मांडलं होतं की प्राणी कळपाच्या भल्यासाठी आपली पिल्लंसुद्धा कमी ठेवतात, आणि १९६६ मध्ये जॉर्ज विल्यम्सने त्यातली हवा काढली. अडचण साधी आहे, अशा कळपात एक लबाड जन्मला की तो सगळ्यांच्या त्यागावर स्वतःची पोरं वाढवणार आणि त्याचीच पोरं पुढे कळप भरणार. तेव्हा वहीत "जातीसाठी" असं लिहायचा मोह झाला की तिथेच थांबा आणि विचारा, लबाडाला कोण अडवतंय इथे?

हॅमिल्टनचं गणित, तिसरीच्या पोराला जमेल एवढं

१९६४ मध्ये विल्यम हॅमिल्टन नावाच्या तरुण इंग्रज विद्यार्थ्याने दोन लेखांत याचं उत्तर दिलं. परोपकार टिकतो तो कधी, तर नातं गुणिले फायदा हे खर्चापेक्षा जास्त भरतं तेव्हा. फायदा म्हणजे समोरच्याची किती पोरं वाढली, खर्च म्हणजे आपली किती कमी झाली, आणि नातं म्हणजे एक आकडा, सख्खा भाऊ किंवा बहीण असेल तर अर्धा, सावत्र असेल तर पाव, चुलत-मावस भावंडं असतील तर एक अष्टमांश. आपलं पोरही अर्धंच असतं हे लक्षात ठेवा, म्हणजे जीन्सच्या (जनुकांच्या) दृष्टीने सख्खं भावंड वाढवणं आणि स्वतःचं पोर वाढवणं यात काडीचा फरक नाही. हाल्डेन ह्या ब्रिटिश जीवशास्त्रज्ञाबद्दल एक किस्सा सांगतात की भावासाठी नदीत उडी मारशील का असं विचारल्यावर तो म्हणाला, एकासाठी नाही, दोन सख्खे भाऊ असतील नाहीतर आठ चुलत तर मारेन. हा हाल्डेन पुढे १९५७ मध्ये कायमचा भारतात आला आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारला, म्हणजे हॅमिल्टनचे लेख आले त्याच वर्षी.

इथे एक गैरसमज नेहमी होतो. नात्याचा आकडा म्हणजे एकूण डीएनए किती जुळतो ते नव्हे, तसं बघायला गेलं तर चिंपांझीशीसुद्धा आपलं बहुतेक सगळं जुळतं. गावातल्या कुठल्याही ऐऱ्यागैऱ्यापेक्षा ह्या माणसाकडे माझ्यातल्या एखाद्या खास जीनची कॉपी असण्याची शक्यता किती जास्त, ते मोजायचंय.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. लोक नात्याच्या आकड्याला चिकटून बसतात. "नात्यातले आहेत म्हणून मदत करतात", संपला विषय. पण गणितात तीन गोष्टी आहेत ना, नातं एकच. बाकीच्या दोन, फायदा आणि खर्च, त्या बघायला घराबाहेर पडावं लागतं म्हणून कोणी बघत नाही. मदत न करता ह्या प्राण्याने दुसरं काय केलं असतं, आणि ते जमण्याची शक्यता किती होती, हा खरा प्रश्न. तेव्हा वहीत रकाने असे पाडा: कोणी केलं, कोणाला केलं, करणाऱ्याचं काय गेलं, घेणाऱ्याला काय मिळालं, दोघांचं नातं काय असू शकेल, आणि शेवटचा रकाना सगळ्यात रुंद ठेवा, त्यात लिहायचं "नाहीतर काय केलं असतं".

पहिला धडा पडवीत

घराच्या वळचणीला, खिडकीच्या चौकटीत, पंपाच्या खोलीत कागदासारखं राखाडी पोळं लटकलेलं असतं ना, खोके उघडेच दिसतात, वर टरफल नाही, ते शोधा. माशी तांबूस-तपकिरी, पोटावर पिवळा पट्टा असेल तर बहुतेक तिचं नाव रोपालिडिया मार्जिनाटा. भारतात ह्या एका माशीवर जेवढं काम झालंय तेवढं फार कमी किड्यांवर झालं असेल, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काही दशकं हिच्यामागे घालवली आहेत. आपण त्याच माशीकडे बघून "जाळून टाक रे ते पोळं" म्हणतो.

सहा-सात फुटांवर बसा, जवळ नको. ज्यांना डंखाची ॲलर्जी आहे त्यांनी हा भाग सोडून थेट पुढच्या वेड्या राघूकडे जा. आणि मोठी काळी माशी, पोटावर एकच पिवळा-नारिंगी पट्टा, ती दिसली तर ती वेगळी, ती ह्यांच्या पोळ्यांवर धाड घालते आणि अळ्या उचलून नेते, तिच्या पोळ्याच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही.

रोज एकाच जागेवरून, एकाच कोनातून मोबाईलने फोटो काढा. खोके मोजा. अंडी पांढऱ्या दाण्यासारखी, एका खोक्यात एक, मग अळ्या, मग पांढरी टोपी घातलेले कोष. रात्री सगळ्या माश्या पोळ्यावर असतात, टॉर्चला लाल कागद लावून लांबूनच डोकी मोजून घ्या, लाल उजेड किड्यांना फारसा दिसत नाही. दिवसा एकेका माशीवर नजर ठेवा, जी बाहेर जाते आणि चावलेल्या अळीचा गोळा नाहीतर लाकडाचा लगदा घेऊन येते ती कामकरी. राणी कोण ते मात्र सहज कळणार नाही. ह्या जातीत राणी आणि कामकरी दिसायला अगदी सारख्या, आणि राणी दादागिरी वगैरे काही करत नाही, गप्प बसलेली असते. राणी काढून घेतली तर काही मिनिटांत एक कामकरी एकदम आक्रमक होते आणि आठवडाभरात अंडी घालायला लागते. ही वारसदार कोण असणार ते राणी असताना माणसाला कुठल्याच लक्षणावरून ओळखता येत नाही, पण माश्यांना माहीत असतं, हे अनिंदिता भद्रा आणि गदगकरांनी २००८ मध्ये दाखवलं. (राणी काढायचा प्रयोग तुम्ही करू नका, बघूनच भागवा.)

आता हिशेब. मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या ह्यांच्यात नर बिनफळलेल्या अंड्यातून होतो, म्हणजे त्याच्याकडे जीन्सचा एकच संच, तो सगळ्या मुलींना जसाच्या तसा मिळतो. म्हणून एकाच आईबापाच्या बहिणी एकमेकींशी पाऊण नात्याच्या होतात, स्वतःच्या मुलीपेक्षा जवळच्या! हॅमिल्टनचं हे वाचून लोक खूश झाले, की म्हणूनच ह्या गटात कामकरी वांझ राहून बहिणी वाढवतात. फार सुंदर आहे ते, पण पुरेसं नाही. भावाशी नातं फक्त पाव, तो विसरून चालत नाही. राणीने एकापेक्षा जास्त नरांशी संग केला की पाऊण खाली येतो, आणि आपल्या पडवीतल्या राण्या तसं करतात, शिवाय राण्या बदलत राहतात, म्हणजे कामकरी कधी बहिणी वाढवतेय तर कधी भाच्या नाहीतर मावसबहिणी. मोजलेलं नातं अर्ध्याच्याही खाली येतं. आणि वाळवीचं काय, तिच्यात नर-मादी दोघंही दोन-दोन संचवाले, पाऊण वगैरे काही नाही, तरी रोयणीत (वारुळात) राजा-राणी, शिपाई, कामकरी सगळा संसार आहे आणि कामकऱ्यांत नरही असतात. आपल्याकडे सातेरी म्हणून ज्या वारुळाला हात जोडतो त्याच्या आतच ह्या पाऊणवाल्या उत्तराचा अपवाद बसलेला आहे.

मग कामकरी राहते का? तर शेवटचा रुंद रकाना भरा. एकटीने नवीन पोळं सुरू केलं असतं तर? अंड्यापासून माशी बाहेर यायला साधारण दोन महिने लागतात, आणि कामकरी माशी सरासरी महिनाभर जगते. एकटी मेली की तिची सगळी अळी-अंडी उपाशी मरतात, हातात शून्य. अर्धवट बांधून कॉन्ट्रॅक्टर पळाला तर ते घर कोणाच्या उपयोगाचं नाही, तसंच. पण भरल्या पोळ्यात कामाला लागलेली माशी आठवड्यात मेली तरी तिने भरवलेल्या अळ्या दुसरी कोणीतरी पुढे नेते, थोड्या दिवसांच्या कामाचं थोडं फळ पदरात पडतंच. गदगकरांनी १९९० मध्ये हा मुद्दा गणितात मांडला. त्यात भर अशी की सगळ्या माद्या एकटीने पोळं करायला लायकच नसतात, प्रयोगशाळेत एकेकटीला भरपूर खायला देऊन ठेवलं तरी जवळपास निम्म्या माद्या पोळं करून अंडी घालतच नाहीत. जिला स्वतःचं जमणारच नाही तिचा खर्च जवळपास शून्य, मग नातं कमी असलं तरी गणित जमतं.

तुलनेसाठी त्याच भिंतीवर कुंभारीण बघा. चिखलाचं घर, आत कोळी नाहीतर अळी डंख मारून ठेवायची, अंडं घालायचं, तोंड बंद करून निघून जायचं. सगळं खाणं आधीच भरून ठेवल्यामुळे पोराला वाढवायला आई जिवंत असायची गरज नाही. रोज भरवावं लागणारी माशी समूहात, डबा भरून ठेवणारी एकटी. एका भिंतीवर हे दोन्ही दिसतं हे मला प्रचंड आवडतं.

बांधावरचा वेडा राघू

फेब्रुवारीपासून पावसापर्यंत मातीच्या कड्यांत, रस्त्याच्या कापलेल्या मऊ बाजूंना, बांधांवर वेडे राघू बिळं करतात. नर-मादी दोघं असणार हे गृहीतच, पण काही बिळांवर तिसरा पक्षीही किडा घेऊन येतो. तो मदतनीस.

हे बघायचं कसं? बिळासमोर जाऊन उभं राहिलात तर काहीच दिसणार नाही. पुण्यात मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की माणसाला जिथून बीळ दिसतंय अशा जागी माणूस असेल तर हा पक्षी बिळात जायचं टाळतो, आणि माणूस तेवढ्याच अंतरावर पण बीळ न दिसणाऱ्या जागी असेल तर बिनधास्त जातो. वेडा म्हणायचं ह्याला! तेव्हा लांब, आडोशाला, शक्यतो गाडीतच बसा आणि राघू चोचीत किडा धरून तारेवर नुसताच शेपटी हलवत बसलाय असं दिसलं की समजा तुम्ही चुकीच्या जागी आहात, उठा. तुमच्यामुळे पिल्लं उपाशी राहतात तेवढा वेळ.

पक्ष्यांच्या पायात रिंगा नसतात, त्यामुळे हा कोण तो कोण कळत नाही, म्हणून एकच नियम पाळा, एकाच वेळी तीन पक्षी चोचीत किडा धरून दिसले तरच मदतनीस लिहायचं. दोन पक्षी आलटून पालटून आले तर ते पाच जण असल्यासारखे वाटतात. बाहेर पडलेली पिल्लंही गोंधळ करतात, त्यांच्या शेपटीची मधली दोन लांब पिसं नसतात आणि गळ्यावरची काळी रेघ पुसट असते, त्यावरून ओळखा.

गणित करून बघू, आकडे माझे काल्पनिक आहेत हं. समजा तरुण राघूने स्वतःचं बीळ केलं तर सरासरी एक पिल्लू उडतं. आईबापाकडे राहून मदत केली तर त्यांची दीड पिल्लं जास्त उडतात. दोन्हीकडे नातं अर्धं. एक गुणिले अर्धा म्हणजे अर्धा, दीड गुणिले अर्धा म्हणजे पाऊण, राहिलेलं बरं. पण आईबापांपैकी एक मेला आणि नवीन जोडीदार आला की पिल्लं सावत्र, नातं पाव, दीड गुणिले पाव म्हणजे अर्ध्याहून कमी, मग जायला हवं. ह्यांचा आफ्रिकेतला भाऊबंद, पांढऱ्या कपाळाचा राघू, त्याच्यावर स्टीफन एम्लेन यांनी केनियात खूप वर्षं काम केलं, तिथे मदतनीस खरोखरच जवळच्या नातेवाइकाचं बीळ निवडतात. आणि गंमत म्हणजे तिथे बाप कधीकधी तरुण मुलाच्या नवीन संसारात जाऊन इतका त्रास देतो की मुलगा ते बीळ सोडून बापाच्या बिळावर कामाला येतो. मुलाला दोन्हीकडे साधारण सारखंच मिळतं म्हणून तो फार भांडत नाही, बापाला मात्र नातवापेक्षा स्वतःचं पोर दुप्पट जवळचं. कुटुंबव्यवस्था म्हटली की हे आलंच म्हणा.

सातभाई आणि त्यांचा पहारेकरी

कुळागरात पाचोळा उलटत, किचकिच करत फिरणारा मातकट पक्ष्यांचा घोळका म्हणजे सातभाई, सात असतातच असं नाही. ह्यांच्यात घरटं एखाद्या जोडीचं असलं तरी भरवायला बाकीचेही येतात. बसायला सगळ्यात सोपे, माणसाला फार घाबरत नाहीत.

इथे दोन गोष्टी टिपा. एक, पहारा. बाकीचे खाली खातायत आणि एक वर फांदीवर बसून इकडेतिकडे बघतोय, शिक्रा दिसला की ओरडतो. दर पाच मिनिटांनी लिहा, वर कोणी आहे का, उतरला का, दुसरा चढला का, आणि चढण्याआधी तो खात होता का. हा शेवटचा प्रश्न का, तर इस्रायलच्या वाळवंटातल्या सातभाईंवर अमोट्झ झहावी यांनी आयुष्य घालवलं आणि त्यांचं म्हणणं की पहारा म्हणजे मिरवणं, "बघा मला परवडतंय" असं सांगून इभ्रत कमवायची. आकर्षक कल्पना आहे, आपल्या गावच्या फेस्तांत नि जत्रांत देणगीची नावं माइकवरून ऐकली की पटतेसुद्धा. पण नंतर त्याच पक्ष्यांना जास्तीच्या अळ्या खाऊ घालून बघितलं तर पोट भरलेले जास्त पहारा देतात असं निघालं. कलहारीतल्या मीरकॅट ह्या मुंगसासारख्या प्राण्याबद्दलही टिम क्लटन-ब्रॉक यांच्या गटाने १९९९ मध्ये तेच सांगितलं, पोट भरलं की वर चढायचं, वरून धोका आधी स्वतःलाच दिसतो, म्हणजे खर्च नगण्य. माझा कल ह्या साध्या उत्तराकडे आहे. तुमच्या वहीत चढणारे आधी चरून आलेले दिसतात का बघा.

सगळेच इशारे फुकट नसतात पण. कॅलिफोर्नियाच्या डोंगरातल्या जमिनीवरच्या खारींवर पॉल शर्मन यांनी १९७७ मध्ये दाखवलं की ओरडणाऱ्या खारीकडे शिकारी जास्त वळतात, आणि तरी ओरडतात कोण, तर ज्यांच्या लेकी-बहिणी आसपास राहतात त्या माद्या. नर मोठे झाल्यावर लांब निघून जातात, ते कमी ओरडतात. तिथे हॅमिल्टन अगदी पुस्तकासारखा लागू होतो.

दुसरी टिपण्याची गोष्ट म्हणजे पावशा. उन्हाळ्यात "पेर्ते व्हा" ओरडतो तोच. त्याची मादी सातभाईंच्या घरट्यात अंडं घालते आणि मग तुम्हाला असं दृश्य दिसतं की एक पट्टेरी धष्टपुष्ट पिल्लू तोंड वासून बसलंय आणि अख्खा घोळका त्याच्या घशात किडे ओततोय. नातं शून्य, फायदा सगळा पावशाचा. म्हणजे सातभाई नातं मोजत नाहीत, त्यांच्यातला नियम "आपल्या घरट्यात जे तोंड उघडतं त्यात घाला" एवढाच आहे. बहुतेक वेळा घरट्यातलं तोंड आपलंच असतं म्हणून नियम टिकला, पावशा त्या "बहुतेक"मधल्या फटीतून आत शिरतो. प्राण्यांनी गणित करावं लागत नाही, ज्यांचा ढोबळ नियम गणिताच्या जवळ जातो ते टिकतात. वहीत "त्याने ओळखलं की हा आपला भाऊ" वगैरे लिहू नका.

माकडं, मुंग्या, कुत्री

बोंडला, मोले, दूधसागरच्या वाटेवर केल्डी (माकडं) भरपूर. कृपा करून त्यांना चिप्स देऊ नका, एक तर ती त्यांच्यासाठी वाईट आणि दुसरं म्हणजे खाणं दिसलं की त्यांचं वागणं बदलतं, मग तुमच्या नोंदीला अर्थ नाही. उवा काढणं बघा. कोण कोणाच्या काढतंय, किती मिनिटं, मग उलट काढल्या का. माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, नर बाहेर जातात, त्यामुळे माद्या-माद्यांमध्ये नातं असण्याची शक्यता जास्त. पण नातं नसतानाही देवाणघेवाण चालते, रॉबर्ट ट्रिव्हर्सने १९७१ मध्ये मांडलं की पुन्हा पुन्हा भेटणारे, एकमेकांना ओळखणारे आणि लबाडी लक्षात ठेवणारे प्राणी असतील तर आज मी उद्या तू हे टिकू शकतं. केनियात वर्व्हेट माकडांना स्पीकरवरून एखाद्याची मदतीची हाक ऐकवली, तर ज्याने थोड्याच वेळापूर्वी उवा काढल्या होत्या त्याच्या हाकेकडे बिननात्याचे जास्त लक्ष देतात. दक्षिण अमेरिकेतली रक्त पिणारी वटवाघळं तर उपाशी सोबत्याला ओकून रक्त भरवतात, दोन-तीन रात्री उपाशी राहिलं की ती मरतात म्हणून तिथे घोटभर रक्ताची किंमत देणाऱ्याला कमी, घेणाऱ्याला जीवाएवढी. आपल्याकडची फळं खाणारी वटवाघळं असलं काही करताना बघायला जाऊ नका.

काजूच्या बागेतले हुमले (पानांची घरं करणाऱ्या लाल मुंग्या) तुम्हाला शोधावे लागत नाहीत, तेच तुम्हाला शोधतात. पानं शिवून केलेलं घर लांबूनच बघा, कामकरी मुंग्या अळीला तोंडात धरून तिच्या रेशमाने पानं चिकटवतात. अळी स्वतःच्या कोषासाठीचं रेशीम घराला देऊन टाकते, म्हणून ह्यांचे कोष उघडेनागडे असतात. आणि हद्दीवरच्या घरांत, जिथे शेजारच्या वसाहतीशी मारामाऱ्या होतात, तिथे म्हाताऱ्या कामकरी ठेवलेल्या असतात. म्हातारीचं पुढचं आयुष्य थोडंच उरलेलं, म्हणजे जीव गेला तर खर्च कमी. पुन्हा तेच, खर्च बघा. (झाडावर हुमले असले की काजूवरचा ढेकण्या कमी होतो, तेव्हा पावडर मारायची घाई नको.)

आग्या माश्यांचं पोळं दुर्बिणीतूनच. तिथली डंख मारून मरणारी माशी सगळ्यांना माहीत आहे, पण मला त्याहून भारी वाटतं ते मधमाश्यांमधलं पोलीसकाम. राणी खूप नरांशी संग करते, त्यामुळे बऱ्याचशा कामकरी एकमेकींच्या सावत्र बहिणी. एखाद्या कामकरीने चोरून अंडं घातलं, नर होतो त्यातून, तर बाकीच्या ते अंडं खाऊन टाकतात, कारण सावत्र बहिणीचा मुलगा एक अष्टमांश आणि राणीचा मुलगा पाव. म्हणजे मघाचा प्रश्न, लबाडाला कोण अडवतं, त्याचं एक उत्तर हे. बाहेरून दिसणारा त्याग थोडासा सक्तीचाही असतो.

रस्त्यावरच्या कुत्र्यांवर कोलकात्याजवळच्या आयसर ह्या विज्ञान संस्थेत अनिंदिता भद्रा यांचाच गट काम करतो, गांधीलमाशीवरून कुत्र्यांवर आल्या त्या. आई सोडून दुसरी मादी, बऱ्याचदा आजी किंवा मावशी, पिल्लांना सांभाळते आणि पाजतेसुद्धा हे त्यांनी नोंदवलंय. तुमच्या वाड्यावरच्या कुत्र्यांची आई-आजी तुम्हाला नावानिशी माहीत असते, म्हणजे नात्याचा रकाना इथे भरता येतो, जो राघूंच्या बाबतीत येत नाही. व्हिडिओतल्या त्या कुत्रीचं नातं कोणी विचारलं होतं का?

वही वाचताना

महिना-दोन महिन्यांच्या नोंदी झाल्या की एकेक प्राण्यासाठी रकाने आडवे वाचा. नातं माहीत नसेल तर जागा कोरी सोडा, अंदाज पेनने लिहू नका, पेन्सिलने लिहा. "नाहीतर काय" हा रकाना पुन्हा पुन्हा भरत जा. आसपास मोकळं बीळ होतं का, मोकळी झाडं होती का, एकटीने सुरू केलेली किती पोळी आठवड्याभरात रिकामी झाली. एकटीची पोळी मोजणं कोणालाही जमतं आणि त्यातून सगळ्यात जास्त कळतं. एका माशीचं पोळं दिसलं की तारीख टाका, मग ती दिसेनाशी झाली ती तारीख टाका, कोष बंद झाले होते का तेवढं बघा.

हॅमिल्टनच्या गणितावर वादही झालेत. २०१० मध्ये नोवाक, टार्निटा आणि ई. ओ. विल्सन यांनी ते निरुपयोगी आहे असं लिहिलं, आणि पुढच्याच वर्षी शंभराहून जास्त शास्त्रज्ञांनी सह्या करून उलट उत्तर पाठवलं. वाचायला मजा येते. प्रोजेक्टच्या तोंडी परीक्षेत सर हेच विचारतील, तेव्हा दोन्ही बाजू माहीत असू द्या, पण आधी स्वतःची पोळी मोजलेली असू द्या.

सुरुवात राघूने करणार असाल तर फेब्रुवारीत बांध बघून ठेवा, पाऊस सुरू झाला की बिळं संपली. सातभाई वर्षभर आहेत. गांधीलमाशीची पोळीही वर्षभर दिसतात, पण चतुर्थीच्या आधी घराघरांत झाडलोट आणि रंगकाम सुरू होतं तेव्हा सगळ्यात आधी वळचणीची पोळीच जातात, म्हणून घरच्यांशी आताच बोलून ठेवा, दाराच्या तोंडावर नसलेलं एखादं पोळं कोपऱ्यात राहू द्या म्हणावं, आणि रंगवाल्यालाही सांगा.